उन्हाचा चष्मा कसा निवडावा?

गेल्या वैशाखात देवगडच्या बाजूस आंब्याच्या बागेत काम करणाऱ्या एका गृहस्थांची व आमची गाठ पडली. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात शिकतो. त्यांच्या उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूने, एक मांसल पापुद्रा बुबुळावर सरकत आलेला दिसला. विचारता ते म्हणाले, "गुरुजी, डोळो नुसतो चुरचुरता, दुसरा काय्येक नाय." या विकारास आपल्या वैद्यकात 'अर्म' हे जुने नाव आहे, डोळ्यांचे डॉक्टर त्यास टेरिजियम म्हणतात. वर्षानुवर्षे ऊन, वारा व धूळ यांत वावरणाऱ्यांस तो विशेषेकरून जडतो, आणि त्याच्या कारणांत सूर्याचे अतिनील किरण प्रमुख आहेत. मोतीबिंदूसही हेच किरण हातभार लावतात.

त्या गृहस्थांपाशी जत्रेत घेतलेला काळा चष्मा होता. तो चांगला की वाईट, हे त्यांनी आम्हांस विचारले. आणि खरे सांगावयाचे तर, काच जितकी काळी तितके रक्षण अधिक, अशीच आमचीही बरेच दिवस समजूत होती. ती साफ चुकीची आहे. काळेपणा दृश्य प्रकाश अडवितो. अतिनील किरण डोळ्यांस दिसतच नाहीत, ते अडविण्याचा गुण निराळा. उलट, काळ्या भिंगामागे बाहुली रुंदावते, व भिंगात तो गुण नसेल तर अपायकारक किरणांस आत शिरण्यास अधिकच वाव मिळतो. म्हणून चष्म्यावर 'यूव्ही ४००' अशी खूण आहे काय, हे प्रथम पाहावे. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविले जातात, असा तिचा अर्थ.

पण खूण कोणीही चिकटवू शकतो! आम्ही शाळेत एक सोपा प्रयोग केला. अतिनील प्रकाशाच्या विजेरीखाली नोटेवरील क्रमांक चकाकतात. विजेरी व नोट यांच्यामध्ये आमचा स्वतःचा, रस्त्यावर घेतलेला काळा चष्मा धरला, तरी अंक, मंद का होईना, उजळलेच. मग एका विद्यार्थ्याचा नंबराचा, पाण्यासारखा स्वच्छ चष्मा धरला, तो अंक जवळजवळ विझले. मुले हसली, आम्हीही हसलो, पण तो काळा चष्मा त्या दिवसापासून वापरला नाही. (विजेरीकडे मात्र कोणी पाहू नये.) चष्मेवाल्यापाशी हे मोजण्याचे यंत्र असते, ते दाखविण्याचा आग्रह धरावा.

या शोधामागे कामगारांचे दुःख आहे. भट्टीसमोर काच घडविणाऱ्यांस अकाली मोतीबिंदू होई. त्यांच्यासाठी इंग्लंडात सर विल्यम क्रुक्स यांनी नानाविध काचा वितळवून पाहिल्या व १९१४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

काळेपणाचेही प्रमाण ठरलेले आहे. तिसऱ्या वर्गाचे भिंग ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. आपल्या किनाऱ्याच्या उन्हास ते योग्य. चौथ्या वर्गाचे ३ ते ८ टक्केच सोडते, म्हणून ते लावून वाहन चालवू नये. तळेऱ्याहून सायंकाळी विजयदुर्गाकडे जाणाऱ्यास सूर्य समोरच लागतो, त्यास काळजी हवीच. पण सूर्य बुडताच चष्मा काढावा.

होडीवर जाणाऱ्यांनी ध्रुवीकृत, म्हणजे पोलराइज्ड, भिंगाचा विचार करावा. पाण्यावरून येणारी तिरीप त्याने मोडते व तळ दिसू लागतो. परीक्षा अशी की, तशी दोन भिंगे एकावर एक आडवी-उभी धरली असता काळोख होतो. मात्र त्यातून मोबाइलचा पडदा कधी कधी काळा दिसतो, हेही लक्षात असावे.

टिकाऊपणाविषयी थोडेसे. काच सहजी ओरखडत नाही, पण फुटते. खेळणाऱ्या मुलांस पॉलिकार्बोनेट बरे, त्यावर कठीण लेप असावा. चष्मा हातभर दूर धरून खिडकीचा गज पाहावा. भिंग हालविता गज वाकडा दिसला तर ते टाकाऊ. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचे स्क्रू गंजतात, सबब बिजागऱ्या पोलादाच्या न गंजणाऱ्या असाव्यात. वाळूचे कण असता कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. आधी गोडे पाणी. भिंगे रुंद असावीत व दांड्या कपाळपट्टीलगत बसाव्यात, कारण किरण बाजूनेही येतात. वर रुंद काठाची टोपी घातल्यास फारच उत्तम.

आणि एक. १८ ऑगस्ट १८६८ च्या ज्या खग्रास ग्रहणाने हेलियमच्या शोधाचा धागा दिला, त्याची छाया विजयदुर्गावरूनही गेली होती. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण पश्चिम भारतात खंडग्रास दिसण्याजोगे आहे; ढगांनी पाहू दिले तर! त्या वेळी उन्हाचा चष्मा, कितीही महाग असो, मुळीच चालणार नाही. त्यासाठी ग्रहणाचा खास चष्माच हवा.

मृगाच्या आधी त्या गृहस्थांनी डॉक्टरांस डोळा दाखविला. शस्त्रक्रियेची तूर्त गरज नाही, असे निघाले. दोन चष्मे घेतले: एक स्वतःस, एक मुलास. लहानांच्या डोळ्यांतील भिंग अधिक स्वच्छ असल्याने किरण अधिक खोल जातात, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा, चष्म्याचे पैसे मोजताना घासाघीस करण्याचेही राहून गेले, असे मुलगा सांगत होता.