कार्ड खरे, मतदार बाद

2024 ची लोकसभा निवडणूक 19 एप्रिलला सुरू झाली आणि 1 जूनपर्यंत सात टप्प्यांत चालली. ठाण्याचा नंबर 20 मे रोजी, महाराष्ट्रातल्या पाचव्या आणि शेवटच्या टप्प्यात. तोवर प्रस्तुत लेखकाने टीव्हीवरची खडाजंगी आणि सोसायटीच्या ग्रुपवरची हमरीतुमरी निमूटपणे सोसली. एक बटण दाबता यावे म्हणून.

उकाड्यात रांग मुंगीच्या पावलांनी सरकली. टेबलाशी पोचल्यावर कर्मचाऱ्याने यादीवर पट्टी फिरवली. बायकोचे नाव होते. त्याच घर क्रमांकापुढे लेखकाचाही फोटो होता, पण त्यावरून तिरका ‘डिलीटेड’ असा शिक्का. "तुम्ही शिफ्ट झालात." कुठे? "ते आम्हाला काय माहीत? पुढचे या." बायकोच्या बोटाला शाई लागली, नवरा म्हणे दुसरीकडे राहायला गेलेला!

स्थलांतराच्या कारणावरून नाव काढायचे तर संबंधिताला बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. लेखकाला नोटीस आली नाही, घरी कोणी चौकशीला आले नाही. नंतर कार्यालयात विचारले, तर साहेब फाइलवरून मान न उचलता म्हणाले, "निवडणूक झाली ना, आता कशाला?"

तेव्हा दुसऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये म्हणून दोन गोष्टी. मतदार कार्ड ही फक्त ओळख आहे, हक्क यादीतल्या नावाने मिळतो. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादी गोठते, मग कोणाचाही वशिला चालत नाही. म्हणून निवडणूक जाहीर होताच आयोगाच्या पोर्टलवर किंवा 1950 या हेल्पलाइनवर नाव बघा, आणि बघितल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. नाव उडाले असेल तर फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. गेल्या वेळी मत दिले होते, या भरवशावर राहणे तर सोडाच.

आणि यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ मागा, हा ग्रुपवर फिरणारा सल्ला मनावर घेऊ नका. रांगेतल्या एका उत्साही गृहस्थांनी तो लेखकालाही ऐकवला. मिळते ते ‘प्रदत्त मत’, तेही आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तरच. यादीतून काढलेल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

बाकी नागरिकाने जागरूक असावे वगैरे सगळे खरेच. पण शिक्का मारणाऱ्याने थोडे जागरूक असायला काय हरकत होती?

लेखकाने फॉर्म 6 भरला, नवे नाव लागले आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी त्याने मत दिले. नाव कोणाच्या सांगण्यावरून काढले, या अर्जाला मात्र उत्तर आलेले नाही.