हँडगार्डखालची दोन अक्षरं

आधीच सांगून टाकतो, मी नवखा नव्हतो. ही हकीकत ज्याला ज्याला ऐकवली, त्यानं पहिला प्रश्न हाच केला, "अरे, घेताना नीट बघून नाही का घ्यायची?" बघूनच घेतली होती. कॉलेजात एनसीसीत असताना थ्री-नॉट-थ्री खांद्यावर घेऊन कोल्हापूरच्या उन्हात परेडी केल्यात, पुल-थ्रूला चिंधी लावून नळ्या ओढल्यात. इथं ओहायोत ग्रीन कार्ड झाल्यावर क्युरिओ अँड रेलिकचं लायसन काढून जुन्या लष्करी रायफली रीतसर जमवतोय. गणपतीच्या जेवणात "शौक अंगाशी आला" म्हणून जे हसले, त्यांनी हे जरूर वाचावं.

रायफल होती इशापूरची, नंबर १ मार्क ३ स्टार. दस्त्याच्या सॉकेटवर मुकुट, त्याखाली जीआरआय, इशापूर आणि १९४५. हुगळीकाठच्या त्या कारखान्यातून निघालेली रायफल अमेरिकेतल्या गन शोमध्ये समोर आली, की आमच्यासारख्याचा पाय निघत नाही. भारतात .३०३ हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला ती लायसनवरही मिळत नाही. पोलिसांच्या खांद्यावर मात्र ती इतकी वर्षं राहिली की उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी समारंभानं निरोप दिला. ती स्वतःची असावी, ही इच्छा फक्त परदेशातच पुरी होते. त्यात वेडेपणा काय, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

विकणारा परवानाधारक दुकानदार. मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा खुलला. "मित्रा, ही तुमच्याच लोकांची आहे. मराठा रेजिमेंटबरोबर इटलीत होती." मी त्याला १९४५ चा शिक्का दाखवला. नाईक यशवंत घाडगे यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो जुलै १९४४ मध्ये. नामदेव जाधव यांचा पराक्रम एप्रिल १९४५ मधला. त्या वर्षी बंगालात घडलेली रायफल एप्रिलच्या आत इटलीच्या आघाडीवर पोचली असेल, तर तिला पंख होते म्हणायचे. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग बर्मात असेल." तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा इतिहासाचे पैसे लावतोय. मी इतिहासाचे पैसे दिले नाहीत. घासाघीस करून लोखंड आणि लाकूड यांचीच किंमत दिली.

त्याच टेबलावर एक "इशापूर जंगल कार्बाइन"ही होती. नवशिक्यांनी ऐकून ठेवावं : जंगल कार्बाइन, म्हणजे नंबर ५, इशापुरात कधी बनलीच नाही. ती इंग्लंडमध्ये बनली. इशापूरनं पुढे साठच्या दशकात ७.६२ च्या काडतुसासाठी २ए आणि २ए१ काढल्या. अमेरिकेतल्या आयातदारांनी त्या आखूड कापल्या, पुढे फ्लॅश हायडर लावला आणि जंगलाचं नाव देऊन विकल्या. चालायला त्या वाईट नसतीलही, पण त्यांत इतिहास शोधू नका.

तर माझी रायफल. नंबर पाहिले. रिसीव्हरवर, बोल्टच्या मुठीवर, नोजकॅपवर, मागच्या साइटच्या पट्टीखाली, सगळीकडे एकच. लाकूड जरा जास्तच गुळगुळीत होतं. "मागचा हँडगार्ड काढून नळी बघू का?" असं मी विचारलं. एसएमएलई, म्हणजे याच जातीच्या रायफलीचा मागचा हँडगार्ड नुसता स्प्रिंगच्या क्लिपांवर बसलेला असतो, वर उचलला की सुटतो. हे काम दोन मिनिटांचंही नाही. तो म्हणाला, "नको, लाकूड जुनं आहे, तडकेल. तडकलं तर तुझं." बरं, म्हटलं. मग मी पावतीवर लिहून मागितलं की रायफल गोळी झाडण्याजोगी आहे. त्यानं हसत "शूटर" असा शब्द लिहिला आणि सही केली. वर कापडी पट्ट्यातली जुनी काडतुसं फुकट दिली, "नॉन-करोसिव्ह आहेत" म्हणून.

घरी आल्यावर गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा, तपासला. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कड असते, त्यामुळे हेडस्पेस त्या कडेच्या जागेत मोजतात. लष्करी हिशोबात इंचाच्या हजार भागांपैकी ६४ ते ७४ चालतं. माझी बसत होती. काठावर होती, पण बसत होती. इथं काही जण म्हणतील, काठावरची रायफल झाडायची कशाला? लष्करानं काठावरच्या लाखो रायफली झाडल्यात, म्हणून.

पहिल्यांदा रेंजवर नेली तेव्हा कारखान्यातली नवी कोरी काडतुसं नेली, फुकटची नव्हेत. गोळ्या कागदावर जिथं हव्या तिथं लागल्या. पुंगळ्या मात्र गोळा करून घरी आणल्यावर बुडाच्या थोडं वर एक चकचकीत रेघ गोल फिरलेली दिसली. लक्ष ठेवायचं ठरवलं. पुढच्या खेपेला चाप ओढला, आवाज नेहमीचाच आला, पण चेहऱ्यावर गरम वाऱ्याची झुळूक आली आणि चष्म्याच्या काचेवर काळे ठिपके उठले. बोल्ट नेहमीपेक्षा जड उघडला. बाहेर आलं ते पुंगळीचं बूड, अंगठ्याच्या पेराएवढं, कडेला फाटलेलं. उरलेली पितळी नळी चेंबरमध्येच अडकून बसलेली.

रेंजवरच्या आजोबांनी ते बूड हातात घेऊन पाहिलं आणि मान हलवली. "हातानं भरलेली काडतुसं वापरली असणार तू. दारू जास्त झाली." मी डबा दाखवला, सील दाखवलं. "तरी पण," म्हणाले. या "तरी पण"चा मला अजून राग आहे. वाहनाचा ब्रेक निकामी झाला की चालवणाऱ्याच्या पायाकडे बघणारी माणसं असतात, त्यातलीच ही जात.

त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर रायफल उलगडली. मागच्या हँडगार्डाच्या कडांना दोन्ही अंगठे लावून वर उचललं. लाकूड तडकलं वगैरे काही नाही, अगदी लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं. खाली नळीचं जाड बूड होतं, त्यावर कारखान्याचे प्रूफचे शिक्के. त्यांच्या शेजारी मोठ्या ठशात दोन अक्षरं होती : डी आणि पी.

ड्रिल पर्पज. एनसीसीत आम्ही ज्या खांद्यावर वागवल्या, त्यांच्यावर हेच असायचं आणि लाकडावर पांढरा पट्टा. आर्मररनं रायफल तपासली, कुठल्याशा कारणानं नापास केली आणि फक्त कवायतीपुरती ठेवली, असा त्याचा अर्थ. कधी नळी झिजलेली असते, कधी रिसीव्हर, कधी तर रायफल धडधाकट असूनही कवायतीला संख्या हवी म्हणून डीपी करतात. पण कारण कळत नाही तोवर ती झाडायची नसते. सॉकेटवरचं डीपी घासून वर नव्यानं काळं केलेलं होतं; आता तिरक्या उजेडात धरल्यावर तिथली खळगी दिसली. लाकूड एवढं गुळगुळीत का, तेही आता कळलं. पट्टा तासून काढला होता.

मग भिंग घेऊन बोल्टच्या मुठीवरचा नंबर बघितला. तीनचा आकडा रिसीव्हरवरच्या तीनपेक्षा वेगळा, वरचं टोक सपाट. आकड्यांमागं जुन्या, घासलेल्या नंबराची सावली. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा, नंबर मागून ठोकलेला. आता गेज पास होऊनही पुंगळी का फाटली, त्याचा उलगडा झाला. या ली-एनफिल्ड जातीच्या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, उजवीकडची लांब फासळी आणि डावीकडचा आखूड दात अशा दोन जागी. बोल्ट रिसीव्हरला घासून बसवलेला असतो. परका बोल्ट घातला की बहुधा एकच बाजू टेकते. गोळी झाडल्यावर सगळा दाब त्या एका बाजूवर येतो, ती थोडी दबते आणि हेडस्पेस वाढतो. मी पुन्हा गेज लावला. फील्ड गेजवर बोल्ट आरामात बंद झाला, म्हणजे हेडस्पेस मर्यादेबाहेर गेला होता.

हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण गेज लावून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. बोल्टच्या दोन्ही टेकणाऱ्या जागांवर मार्करची शाई लावा, रिकाम्या रायफलीवर बोल्ट चारदोनदा बंद करा, बाहेर काढून बघा. दोन्हीकडची शाई पुसली गेली तर ठीक. एकाच बाजूची गेली तर गनस्मिथकडे न्या, तोवर झाडू नका. नंबर १ ची बोल्टहेडं नंबर ४ सारखी ०, १, २, ३ अशी क्रमवार येत नाहीत, त्यामुळे "नवं हेड घाल, बरोबर होईल" म्हणणाऱ्याला विचारा, किती हेडं घालून बघू?

दुकानदाराकडे गेलो. फोटो दाखवले, फाटलेलं बूड टेबलावर ठेवलं. त्यानं ते उचललंही नाही. म्हणाला, "शूटर म्हणजे प्रकार, गॅरंटी नव्हे." मग, "डीपी तू स्वतः ठोकलं नाहीस कशावरून?" आणि शेवटी, मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला ऐकू जाईल असं, "मित्रा, शंभर वर्षांपूर्वीचं यंत्र आहे, त्याला माया लागते." १९४५ ला शंभर वर्षं झाली नाहीत, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. पैसे परत नाहीत. पाटी आधीपासून होती, विकलेला माल परत घेतला जात नाही. नंबर नव्यानं ठोकून "सगळे एकच" म्हणून विकणं ही फसवणूक आहे, एवढं मात्र मी त्याच्या गिऱ्हाइकासमोर मराठी माणसाच्या आवाजात सांगून आलो. गिऱ्हाईक निघून गेलं, तेवढंच समाधान.

तेव्हा घ्यायला जाल तर मागचा हँडगार्ड काढल्याशिवाय पैसे देऊ नका. काढू देत नसेल तर चालू लागा, कितीही गोड बोलला तरी. नंबरांचे आकडे भिंगानं जुळवा, नुसते वाचू नका. ठसा एकाच हातचा दिसला पाहिजे. पावतीवर एक शब्द चालत नाही, पूर्ण वाक्य लिहून घ्या : अमुक नंबरची रायफल मूळ बोल्टसह, गोळी झाडण्यास सुरक्षित, डीपी नाही. लिहायला कां कूं करेल तिथंच उत्तर मिळालं. झाडलेल्या पुंगळीच्या आतून वाकवलेली तार फिरवून बघा, बुडाजवळ खाच लागली तर भिंत पातळ झाली आहे. चष्मा लावा. माझे डोळे आज आहेत ते चष्म्यामुळे. अडकलेली नळी काढायला तुटकी पुंगळी ओढायचं अवजार मिळतं, ते पेटीत ठेवा. सळई आणि हातोडीनं उपद्व्याप करू नका.

ती फुकटची काडतुसं? मूठभर झाडून पाहिली, दुसऱ्या रायफलीतून. एकदा नुसतं "टक्" वाजलं, आणि श्वास सोडायच्या बेतात असताना धडाम. साठच्या दशकातली पाकिस्तानी कारखान्याची ही .३०३ काडतुसं अशा उशिरा फुटण्यासाठी बदनामच आहेत. टक् झालं की नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट, हवं तर मिनिटभर थांबायचं, बोल्टला हात लावायचा नाही. आणि "नॉन-करोसिव्ह"ही खोटंच होतं. जुन्या प्रायमरमधून पोटॅशियम क्लोराइड नावाचं मीठ नळीत उरतं, ते हवेतली ओल खेचतं. ओहायोच्या जुलैत दुसऱ्या दिवशी नळीत तांबूस पूड दिसली. मीठ तेलानं जात नाही, पाण्यानं जातं. ब्रिटिश फौजेत याच कामासाठी नरसाळं असायचं. उकळतं पाणी चेंबरकडून ओता, कोरड्या चिंध्या ओढा, मग तेल. त्यासाठी वेगळी किटली घ्या, नाहीतर चहावरून घरात युद्ध होतं.

बाकी नेहमीचं : तिजोरीला कुलूप, काडतुसं वेगळी, पोरांना आणि पाहुण्यांना किल्लीची जागा माहीत नको. आपल्या मंडळींसाठी मात्र दोन गोष्टी खास. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या भाच्या-पुतण्याला "जरा धर, फोटो काढतो" म्हणू नका. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवणं हा फेडरल कायद्यानं गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे थोडेच अपवाद, आणि ते वकिलाला विचारून. दुसरं, गावी जाताना आठवण म्हणून काडतूस बॅगेत घालू नका. भारतातल्या विमानतळांवर एका काडतुसापायी आर्म्स ॲक्टखाली गुन्हे दाखल झालेत. रिकामी पुंगळीसुद्धा नको, स्कॅनरवर ती काडतुसासारखीच दिसते. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग एक असेल तर आजच वेगळी करा.

रायफल मी सुट्या भागांत विकली. नोजकॅप, मॅगझिन, साइट यांना गिऱ्हाईक मिळालं. रिसीव्हर आणि नळी ठेवली आहेत, डीपी वर दिसेल अशी.

परवा एक मित्र त्याच गन शोला जाऊन आला. टेबल तिथंच आहे, नवी इशापूर आहे, या वेळी १९४३ ची आणि इटलीतून आलेली. शेजारी छापील सूचना लावली आहे : लाकडी भाग काढू नयेत.