गाठीच्या रिपोर्टमधले ‘हर-टू’ म्हणजे काय?

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासून कर्करोग निघाला, की रिपोर्टमध्ये ‘हर-टू’ हा शब्द असतो. पुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले पाहून घरचे धास्तावतात. हा एचआयव्हीचा रिपोर्ट नव्हे. हा रोग कोणाला लागत नाही. मग हे आहे काय?

आपल्या शरीरातील पेशी मनाला येईल तशा वाढत नाहीत. जखम भरायची असेल, तर त्यांना ‘वाढा’ असा निरोप यावा लागतो. हा निरोप आणणाऱ्या प्रथिनांना वाढघटक म्हणतात. अशा एका वाढघटकाच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन यांना 1986 मध्ये नोबेल मिळाले.

वाढघटक पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या आवरणात रिसेप्टर हे प्रथिन आरपार बसलेले असते. एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाच्या खाचेत वाढघटक नेमका बसतो. त्यामुळे रिसेप्टरचा आकार बदलतो आणि शेजारच्या रिसेप्टरशी त्याची जोडी जुळते. जोडीची आतली टोके एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. रिसेप्टर जागा होतो तो इथे. मग एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असा निरोप केंद्रकापर्यंत पोचतो आणि एका पेशीच्या दोन होतात. काम झाले की रिसेप्टर आत ओढला जातो आणि निरोप थांबतो.

हर-टू याच कुळातला रिसेप्टर. तो मात्र वाढघटकाची वाट पाहत नाही, जोडीला कायम तयार असतो. निरोगी पेशीवर तो थोडाच असतो, म्हणून बिघडत नाही. 100 पैकी साधारण 15 ते 20 स्तनकर्करोगांत त्याची पेशीवर गर्दी होते. निरोप आलेला नसतानाही जोड्या जुळतात आणि पेशी वाढतच राहतात.

यावर ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. ते हर-टूच्या बाहेरच्या टोकाला चिकटून निरोप अडवते.

म्हणून भगिनींनो, रिपोर्ट जपून ठेवा. 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, 0 किंवा 1+ म्हणजे निगेटिव्ह. 2+ असेल तर ‘फिश’ तपासणीशिवाय निर्णय होत नाही; ती झाली का, हे डॉक्टरांना विचारा. हे औषध हृदयाला त्रास देऊ शकते, म्हणून आधी आणि मधूनमधून टूडी इको करून घ्या. खर्च झेपणार नाही असे वाटले, तर उपचार सोडू नका. आधी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन सरकारी योजनांची चौकशी करा.