पापणी पडते, पण झोप नसते

पहाटेच्या पीटीला पापण्या जड असणे ही आपल्या हॉस्टेलात बातमी नव्हे. पण जयपूरहून पश्चिमेकडे कॅम्पला गेल्यावर जमिनीवर झोपलेला एखादा मित्र सकाळी म्हणाला, "डोळे उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात," तर त्याला आळशी समजू नये. ही मण्यारीच्या विषाची खूण असू शकते.

मण्यार रात्री फिरते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दातांची खूणही कित्येकदा सापडत नाही. काही तासांनी पोट दुखते, उलटी होते आणि पापण्या खाली येतात. जैसलमेर-बाडमेरकडे या सापाला 'पीवणा' म्हणतात. तो झोपलेल्या माणसाचा श्वास पितो, अशी समजूत आहे. साप श्वास पीत नाही; पण ही गोष्ट सांगणाऱ्यांनी पाहिले ते बरोबर होते. जखम नाही, रक्त नाही, तरी श्वास बंद पडत चालला आहे!

सुरुवात डोळ्यापासून का होते? नस आणि स्नायू यांच्यात बारीक फट असते. ॲसिटिलकोलीन हे रसायन निरोप्यासारखे ती फट ओलांडून मेंदूचा हुकूम पोचवते. नागाचे विष हुकूम घेणाऱ्या स्नायूचे दार अडवते, तर मण्यारीचे मुख्य विष हुकूम देणाऱ्या नसेचे टोकच निकामी करते. पापणी आणि डोळा हलवणारे स्नायू लहान आणि सतत राबणारे असतात, म्हणून निरोप थोडे कमी पडले तरी ते आधी हरतात. पुढे गिळणे, बोलणे, मान सावरणे अवघड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. म्हणजे पडलेली पापणी हा आपल्याला मिळालेला वेळ आहे.

तो वेळ मांत्रिकाकडे घालवू नये. बडीला वर बघायला सांगावे, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पाहावे, पापणी पडल्याची वेळ लिहून ठेवावी. त्याला चालवू नये, आवळपट्टी बांधू नये, कापू नये. थेट रुग्णालय गाठावे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावतात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी ग्रामीण भागात राहून विंचू आणि सापांच्या विषावर आयुष्यभर काम केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहराबाहेरही हे उपचार होतात, हे त्यांच्या कामावरून कळते.

नागदंशात प्रतिविषासोबत निओस्टिग्मीन दिल्यावर पापणी तासाभरात वर येऊ शकते. त्याबरोबर ॲट्रोपीन द्यावे लागते. त्याने जवळचे अक्षर काही काळ पुसट दिसते. हा औषधाचा परिणाम असतो, तो ओसरतो. मण्यारीचे काम चिवट. प्रतिविष रक्तातले मोकळे विष निकामी करते, पण बिघडलेली टोके जोडत नाही. ती शरीराला नव्याने वाढवावी लागतात. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात आणि तोवर व्हेंटिलेटरचा आधार लागू शकतो.

घोणस आणि फुरसे यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि डोळ्याच्या आत किंवा मेंदूत रक्तस्राव झाला तर नजर कायमचीही जाऊ शकते.

पालकांनी मात्र एक गोष्ट जरूर वाचावी. मण्यारीच्या दंशात कधी बाहुल्या मोठ्या होऊन टॉर्चच्या उजेडालाही आकसत नाहीत. एरवी याचा अर्थ मेंदू थांबला असा घेतात. इथे तेवढ्यावरून तसा अर्थ घ्यायचा नसतो, कारण बाहुलीचे स्नायूही विषाने लुळे पडतात. असा रुग्ण आत पूर्ण जागा असू शकतो, खाटेशेजारचे रडणे त्याला ऐकू येत असते. एखादे बोट हलत असेल तर एकदा हलवले की 'हो', दोनदा हलवले की 'नाही', असे ठरवून त्याच्याशी बोलता येते.