माफ करण्यासाठी समुपदेशक शोधताना



माफ करणे म्हणजे आपल्यावर झालेला अन्याय हा अन्यायच होता असे स्पष्ट म्हणून, त्याबद्दलची सूडाची इच्छा आणि धुमसणारा राग आपणहून सोडणे. या कामात समुपदेशकाची मदत होते आणि ती आता घरबसल्या, व्हिडिओ कॉलवरही मिळते. मात्र समुपदेशक शोधायला निघण्याआधी माफी कशाला म्हणत नाहीत, हे नीट समजून घ्यावे. योग्य समुपदेशक कोण आणि अयोग्य कोण, याची परीक्षा याच मुद्द्यावर होते.

माफी म्हणजे विसरणे नव्हे, समेट नव्हे, समोरच्याला निर्दोष ठरवणे नव्हे आणि आपला हक्क सोडणेही नव्हे. मराठी घरांत या चारही गोष्टी 'झालं गेलं गंगेला मिळालं' एवढ्यात उरकल्या जातात आणि हे बोल बहुतेक वेळा दुखावलेल्यालाच ऐकवले जातात. वडिलांचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच 'नुसती सही हवी आहे' म्हणत भावाने बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतले, हे महाराष्ट्रात गावोगाव आढळणारे उदाहरण. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो, अंगठा आणि सही व्हायला काही मिनिटे पुरतात. पुढे फेरफार होऊन सातबाऱ्यावरून नाव जाते. भाऊबीज मात्र दरवर्षी येते आणि दरवर्षी ओवाळताना हात जड होतो. अशा बहिणीला भावावरचा राग सोडता येतो आणि त्याच वेळी दिवाणी न्यायालयात दावाही लावता येतो. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करून घेण्यासाठी मुदतीच्या कायद्यात फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांचा अवधी दिलेला आहे. मन निवायला लागेल तेवढा वेळ लागू द्यावा, पण वकिलाची भेट त्यासाठी अडवून धरू नये. समुपदेशकाला कायद्याचा सल्ला विचारू नये आणि वकिलाला मनाचा.

माफीचा मानसशास्त्रीय अभ्यास प्रामुख्याने गेल्या चार दशकांतला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील रॉबर्ट एनराइट यांनी त्याचे चार टप्पे मांडले. आधी राग आणि त्याने आयुष्यात केलेले नुकसान उघड करायचे, मग माफ करण्याचा निर्णय घ्यायचा, नंतर समोरच्या माणसाकडे नव्याने पाहण्याचे प्रत्यक्ष काम करायचे आणि शेवटी या दुःखातून आपल्या हाती काय आले ते शोधायचे. व्हर्जिनियातील एव्हरेट वर्दिंग्टन यांची पद्धत पाच पायऱ्यांची आहे: दुखावणारा प्रसंग आठवणे, समोरच्याच्या जागेवरून तो पाहणे, माफी देणगी म्हणून देणे, तो निर्णय पक्का करणे आणि मन डळमळले तरी त्याला धरून राहणे. वर्दिंग्टन यांच्या आईचा घरफोडीच्या वेळी खून झाला तेव्हा हीच पद्धत त्यांना स्वतःवर लावून पाहावी लागली. माफ करायचे असे ठरवणे आणि आतून राग ओसरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्यांनी आग्रहाने मांडले. पहिली एका संध्याकाळी घडू शकते. दुसरीला महिने लागतात, आणि तेवढा वेळ लागला म्हणून पहिली खोटी ठरत नाही.

किती मदत लागेल हे जखमेवर ठरते. वर्दिंग्टन यांच्या पद्धतीवर बेतलेली, स्वतःच भरायची कार्यपुस्तिका पाच देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांना देऊन तपासली गेली. काही तासांत पुरी होणाऱ्या या कामानेही लोकांच्या मनातला सल कमी झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. म्हणजे मैत्रिणीने विश्वासघात केला, वरिष्ठाने श्रेय लाटले, एवढ्यासाठी समुपदेशक लागेलच असे नाही. याउलट एनराइट आणि सुझन फ्रीडमन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या १२ स्त्रिया होत्या. प्रत्येकीबरोबर स्वतंत्रपणे काम झाले आणि त्याला सरासरी वर्षाहून अधिक काळ लागला. त्यामुळे सगळ्यांना सारखेच 'सहा सत्रांत क्षमा' असे पॅकेज विकणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

पाटीवर लिहिलेल्या पदव्यांमधला फरक ओळखता यायला हवा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषधे देत नाही. त्याने भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण घेतलेले असते आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत त्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक मागावा. ज्याच्याकडे तो आहे त्याला राग येत नाही. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम. ए. झालेला असतो. या गटातल्या व्यवसायांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा झाला आहे, पण 'काउन्सेलर', 'हीलर', 'लाइफ कोच' अशा पाट्या लावणाऱ्या प्रत्येकाला चाळून घेणारी यंत्रणा अजून सर्वत्र रुजलेली नाही. त्यामुळे पदवी कुठली, कुणाच्या देखरेखीखाली किती काळ काम केले आणि आजही अवघड प्रकरणांत एखाद्या ज्येष्ठाचा सल्ला घेतला जातो का, हे तीन प्रश्न विचारावेत. माफीच्या कामासाठी बहुतेकदा चांगला समुपदेशक पुरतो. मात्र आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जुना प्रसंग पुन्हा घडतो आहे असे दिवसाढवळ्या वाटत असेल, जेवणखाण सुटले असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. जीव नकोसा वाटत असेल तर समुपदेशकाची वेळ मिळेपर्यंत थांबूच नये. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतूनही मिळते.

शोध सुरू करायला महाराष्ट्रात भरवशाची ठिकाणे आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मराठी माणसाला ओळखीची आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली आयकॉल ही सेवा फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करते. मोठ्या रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांतूनही नावे मिळतात. खासगी समुपदेशकाची फी पंचेचाळीस मिनिटे ते तासाभराच्या सत्राला काहीशे रुपयांपासून तीन हजारांपर्यंत जाते. अनेक जण गरजूंसाठी फी कमी करतात, पण ते विचारावे लागते. आरोग्यविम्याने मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावेत असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तरी रुग्णालयात भरती न होता घेतलेल्या समुपदेशनाचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत, म्हणून खर्च खिशातूनच होणार हे धरून चालावे.

भाषेची निवडही महत्त्वाची. ज्या वाक्याने मन दुखावले ते मराठीत बोलले गेले असेल, तर ते मराठीतच सांगता यावे. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला यात एक अडचण येते. अमेरिकेत सर्वसाधारणपणे अशील ज्या राज्यात बसलेला असतो, त्या राज्याचा परवाना थेरपिस्टकडे असावा लागतो. न्यू जर्सीत राहून पुण्याच्या मानसशास्त्रज्ञाशी बोलायचे, तर ते नियमात बसते का, हे दोघांनी आधी स्पष्ट करून घ्यावे. तिथेच परवाना असलेला भारतीय वंशाचा थेरपिस्ट मिळाला तर हा प्रश्नच मिटतो.

पहिले सत्र हे समुपदेशकाला पारखण्यासाठीही असते. हकीकत सांगून झाल्यावर थेट विचारावे, 'समोरचा माणूस आजही चूक मान्य करत नसेल, तर माफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?' चांगला समुपदेशक यावर घाईने उत्तर देत नाही. माफी आणि समेट तो वेगळे ठेवतो, माफ करायची इच्छा खरेच आपली आहे की घरच्यांची, हे विचारतो, आणि समोरच्या माणसाकडून अजून त्रास होतो आहे का, याची चौकशी करतो. दहाव्या मिनिटाला 'मोठं मन करा, शेवटी तुमचाच भाऊ आहे' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही. घरात मारहाण, धमक्या किंवा पैशांची कोंडी चालूच असेल, तर आधी सुरक्षितता आणि मग माफी, हा क्रम कुठलाही जाणता समुपदेशक उलटा करत नाही. अशा वेळी स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही आहे. देवाधर्माचा आधार असलेल्या माणसाला क्षमेची शिकवण बळ देते. पण ती कधी बोलायची हे अशिलाने ठरवावे, समुपदेशकाने ती लादू नये.

गोपनीयतेची चौकशी सुरुवातीलाच करावी. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि नोंदी गुप्त ठेवणे हा समुपदेशनाचाही पहिला नियम आहे. या नियमाला अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशक तिसऱ्या व्यक्तीला कळवू शकतो. अठरा वर्षांखालील मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांपर्यंत पोहोचवणे बंधनकारक असते. ज्याला हे अपवाद आधीच नीट सांगता येतात, त्याचे काम व्यवस्थित असते. अॅपमार्फत समुपदेशक घ्यायचा असेल, तर अॅप माहितीचे काय करते हेही पाहावे. बेटरहेल्प या मोठ्या अमेरिकी कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसह इतर कंपन्यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला, आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. सत्र रेकॉर्ड होते का, नोंदी कुठे आणि किती काळ राहतात, हे विचारणे हा आगाऊपणा नव्हे.

ऑनलाइन सत्राची खरी अडचण जागेची. वन बीएचकेमध्ये पलीकडे टीव्ही चालू आहे, कुकरच्या शिट्ट्या होताहेत, आणि ज्याच्याबद्दल बोलायचे तोच भिंतीपलीकडे बसला आहे. अशा वेळी माणूस खरे बोलत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसून, गच्चीवर किंवा मैत्रिणीच्या रिकाम्या घरात सत्र घेणारे पुष्कळ असतात. इअरफोन घालावेत, म्हणजे निदान समुपदेशकाचा आवाज बाहेर जात नाही. नेट गेले तर फोन कोणी कुणाला करायचा हे आधी ठरवून ठेवावे. चांगला समुपदेशक सुरुवातीलाच अशिलाचा सध्याचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर घेऊन ठेवतो. स्क्रीनच्या अलीकडे कुणाला काही झाले तर मदत धाडता यावी, म्हणून ही तजवीज असते. सत्र संपल्या संपल्या कामाच्या मीटिंगला बसू नये. मधे अर्धा तास मोकळा ठेवावा.

सत्रांमध्ये नेमके काय होते, याचीही कल्पना असावी. सुरुवातीचा बराच काळ माफीचे नावही निघत नाही. काय घडले आणि त्यावरून आपण काय ठरवून बसलो, या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या जातात. भावाने सही घेतली, ही घटना. 'माझी या घरात काडीची किंमत नव्हती', हा त्या घटनेवरून काढलेला निष्कर्ष. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा निष्कर्षांची, आणि 'त्याने असं वागायलाच नको होतं' या हट्टाची, कसून उलटतपासणी होते. त्याने असे वागू नये ही इच्छा रास्तच असते. पण तो तसे वागला, आणि ते नाकारत राहण्यात वर्षे निघून जातात. पुढे न पाठवायचे पत्र लिहायला सांगितले जाते, किंवा रिकाम्या खुर्चीत तो माणूस बसला आहे असे समजून त्याच्याशी बोलायला लावले जाते. समोरची व्यक्ती हयात नसली तरी या पद्धतींनी काम होते. स्वतःला माफ करायचे असेल तर यात एक पायरी वाढते. आपल्या हातून ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई जिथे शक्य आहे, तिथे ती आधी करावी लागते. भरपाई टाळून स्वतःला माफ करायला समुपदेशक मदत करत असेल, तर तो चुकीची मदत करतो आहे.

चार-पाच सत्रांनंतर आढावा घ्यावा. राग पूर्वीइतकाच असला तरी त्याचा रोख स्पष्ट झाला असेल, झोप सुधारली असेल, तो विषय निघाल्यावर आवाज चढणे कमी झाले असेल, तर काम पुढे सरकते आहे. दर वेळी फक्त मन मोकळे होते आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत, असे दोन-तीन महिने चालले तर ते समुपदेशकाला स्पष्ट सांगावे, आणि तरीही फरक पडत नसेल तर बदलावा. समुपदेशक बदलणे हा अपमान नाही, आणि जाणत्या समुपदेशकाला त्याचे वाईटही वाटत नाही.

काम कुठे थांबवायचे याचे मापही माफी हे नसावे. काही जण शेवटी माफ करतात आणि पुन्हा बोलू लागतात. काही जण माफ करतात पण अंतर ठेवतात. काही जण माफ करत नाहीत, तरी त्या माणसाभोवती फिरणारे त्यांचे दिवस परत त्यांचे स्वतःचे होतात. या तिन्ही ठिकाणी सत्रे थांबवता येतात, आणि यांतले कुठले आपले, हा निर्णय दुखावलेल्या माणसाचाच असतो. घरच्यांनी वा समुपदेशकाने तो घ्यायचा नसतो.