मुलाखत कोणाची?

मुलांनो, उर्दूत 'मुलाक़ात' म्हणजे भेट. हाच अरबी शब्द मराठीत 'मुलाखत' झाला. जुन्या मराठीत त्याचा अर्थही भेट असाच होता. आज मात्र प्रश्न विचारून माहिती घेणे म्हणजे मुलाखत. म्हणून 'बाजारात मामूंची मुलाखत झाली' असे लिहू नका; 'भेट झाली' असे लिहा.

२२ जुलै २०२१ रोजी महाडला महापूर आला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे येथे दरडी कोसळल्या. पुढे पत्रकारांनी वाचलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. येथे पत्रकार हे 'मुलाखतकार'. चित्रकार चित्र काढतो, तसा मुलाखतकार मुलाखत घेतो. उत्तरे सांगणारा तो 'मुलाखत देणारा'. नोकरीसाठी मुलाखत देणाऱ्याला 'उमेदवार' म्हणतात. उमेद बाळगणारा तो उमेदवार. हा शब्द तर तुमच्या घरचाच! पण पुरात घर गेलेल्या माणसाला उमेदवार कसे म्हणावे?

समजा, महाडच्या एका मुलीने नानीला पुराची हकिकत विचारली आणि वहीत लिहिले, 'नानी मुलाखतकार आहे.' वाचणाऱ्याला वाटेल, पूर मुलीने पाहिला आणि नानीने फक्त प्रश्न विचारले! 'मी नानीशी मुलाखत केली' हेही चूक. उर्दूतील 'से' येथे चालत नाही. 'मी नानीची मुलाखत घेतली' किंवा 'नानीने मला मुलाखत दिली' असे लिहावे.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्या. मुलाखत देणाऱ्याचे नाव वर लिहा. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यायचे नसेल, तो पुन्हा विचारू नका.