खाण बंद पडते तेव्हा

कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स ही वसाहत सोन्याच्या खाणींसाठीच ओसाड माळावर उभी राहिली. १८८० मध्ये जॉन टेलर कंपनीने तेथे काम हाती घेतले. १९०२ मध्ये शिवनसमुद्रम् येथील वीज खाणींपर्यंत पोहोचली. घरे, पाणी, रुग्णालय सारे कंपनीचेच. तमिळ मजुरांच्या वाट्यास मात्र अरुंद चाळी आल्या. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी वसाहतीचे जीवन खाणीवरच अवलंबून राहिले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. वेतनाबरोबर नागरी सोयींचाही आधार सुटला. सायनाइडयुक्त गाळाच्या टेकड्या मागे उरल्या आणि अनेकांना उपजीविकेसाठी रोज रेल्वेने बंगळूर गाठावे लागले. पर्यायी रोजगार व स्वतंत्र नागरी व्यवस्था खाण चालू असतानाच उभारावयास हवी, हाच यातील बोध होय.